लिस्बनमध्ये एकच दिवस, तोही सोमवार: दोन लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन काय बघावं?

म्हार्दोळकरीण

नमस्कार मंडळी. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही पोर्तुगालला जातोय. नणंद पोर्तोला असते, मुक्काम सगळा तिच्याकडेच. लिस्बनसाठी मात्र एकच पूर्ण दिवस आहे. आदल्या रात्री विमानतळावर उतरायचं, दुसरा दिवस लिस्बन, तिसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने पोर्तो. तो मधला दिवस नेमका सोमवार आहे.

मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर हळूहळू पुष्कळ चालतात, चढ आला की थांबावं लागतं. सोमवारी त्या शिवराक, अंडंसुद्धा चालत नाही. धाकट्याला दुपारची तासभर झोप लागतेच.

तिकिटं काढून देणाऱ्याने एक यादी दिली आहे: सकाळी सांव जॉर्ज किल्ला, मग २८ नंबरची ट्राम, बेलेंचा मठ आणि टॉवर, दुपारी मत्स्यालय, संध्याकाळी सिंत्रा. नवऱ्याला ती जमेल असं वाटतं, मला वाचूनच धाप लागली. कोणी लहान मुलांना घेऊन गेला असाल तर खरं काय जमतं ते सांगा. हॉटेल अजून ठरवलेलं नाही.

अजून एक. मोठीच्या शाळेत १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचा कार्यक्रम झाला, त्यात ती होती. आता ती विचारते, "आई, आपण ज्यांना घालवलं तेच ना हे पोर्तुगीज? मग आपण त्यांच्या घरी का जायचं?" मी आत्यासाठी जायचं म्हणून सांगितलं. पण तिचं तेवढ्याने समाधान झालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. यावर कोणी काही सुचवलं तर आवडेल.

साखळीची_अल्मादात

ताई, मी मूळची साखळीची, आता अल्मादाला राहते. म्हणजे लिस्बनच्या समोर, तेजू नदीच्या पलीकडे. भूगोलाच्या पुस्तकात आपण जिला टॅगस म्हणायचो तीच. माझी मुलं इथेच लहानाची मोठी झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी यादीतून काय काढायचं ते. सिंत्रा पूर्ण काढा. तो वेगळा दिवस आहे, तिथे चढ आहेत, रांगा आहेत, आणि अडीच वर्षांच्या मुलाला राजवाड्याच्या खोल्यांचं काही नसतं. बेलेंचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. तिथली मोठी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंदच. बंद दारासमोर फोटो काढायला मुलांना ट्राममधून तेवढं लांब नेऊ नका. किल्ला टेकडीवर आहे, आणि तिकडचे पदपथ म्हणजे बारीक चुनखडीचे दगड बसवलेले. दिसायला फार सुंदर, पण वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत झालेत. दुखऱ्या गुडघ्यांना ते उतरताना जास्त त्रास देतात. मुलांची ढकलगाडी त्यावर ढकलून बघा, हात भरून येतात.

आता काय ठेवायचं. हॉटेल ओरिएंत स्टेशनच्या जवळ घ्या. हे एक केलंत तर अर्धा दिवस वाचला. विमानतळावरून मेट्रोची लाल लाईन पकडली की तिसरं स्टेशन ओरिएंत. पोर्तोची ट्रेन सांता आपोलोनियाहून सुटते आणि ओरिएंतला थांबते, म्हणजे तिसऱ्या दिवशी सामान घेऊन शहरभर फिरायला नको. आणि मत्स्यालय तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, रस्ता पूर्ण सपाट. १९९८ साली इथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी नदीकाठचा हा सगळा भाग नव्याने बांधला. म्हणून इथे रुंद रस्ते, लिफ्ट, झाडं, बाकं आहेत. जुन्या लिस्बनमध्ये बसायला जागा शोधावी लागते; इथे सासूबाईंना पावलोपावली बाक मिळेल.

मेट्रोच्या ओरिएंत स्टेशनात उतरलात की भिंतीही बघा. जगभरच्या चित्रकारांची चित्रं तिथे टाइल्समध्ये केलेली आहेत, त्यात आपले रझासुद्धा आहेत. मुलांना त्या भिंती आवडतात, आणि पाहायला तिकिटाशिवाय काही लागत नाही.

मत्स्यालय सोमवारीही उघडं असतं. सकाळी उघडतानाच आत जा, तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. मधोमध एकच प्रचंड टाकी आहे, सुमारे पन्नास लाख लिटर पाण्याची, आणि तिच्याभोवती चार महासागरांचे चार भाग. आधी वरच्या मजल्यावरून पाण्याचा पृष्ठभाग दिसतो: पेंग्विन, समुद्री पाणमांजरं. मग खाली उतरलं की तेच सगळं पाण्याखालून. शार्क आणि वागळी डोक्याएवढ्या उंचीवरून जातात. लहान मुलांसाठी ही रचना फार चांगली आहे, कारण काच जमिनीपर्यंत आहे. कोणाला उचलून घ्यावं लागत नाही. आत खाली बसायला जागा आहे, सासूबाईंना मोठ्या टाकीसमोर बसवा आणि तुम्ही मुलांमागे फिरा. हिंदी महासागराच्या भागात मोठीला विचारा, यातला कुठला मासा आपल्या बाजारात बघितला. माझ्या मुलीने तिथे एवढ्या मोठ्याने मालवणी-कोकणी नावं सांगितली होती की बाजूची माणसंही ऐकायला थांबली.

बाहेर आलात की रस्त्याकडेला टाइल्सचे उंच शंकू दिसतील, त्यातून मधूनच पाणी उसळतं. मुलं भिजणार. कपड्यांचा एक जोड पाठीवरच्या पिशवीत हवाच, आणि एक पातळ जाकीट, कारण मे महिन्यात ऊन असलं तरी नदीवरून वारा येतो. तिथूनच नदीकाठाने रोपवे जातो, किलोमीटरभराच्या वर अंतर. बसून जायचं, बसून यायचं. वरून वास्को द गामा पूल दिसतो, १९९८ चाच, जोडरस्त्यांसकट सुमारे १७ किलोमीटर लांब.

मग हॉटेलवर जा आणि झोपा. सगळ्यांनी. भारताच्या घड्याळापेक्षा मे महिन्यात इथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं. मुलं पहाटे चारलाच उठून बसतील आणि दुपारी दोनलाच त्यांच्या अंगात आपली संध्याकाळ उतरेल. त्या वेळी जो बाहेर फिरवतो त्याचा पुढचा दिवसही जातो. इथे मेमध्ये साडेआठच्या पुढेपर्यंत उजेड असतो, म्हणून चारला परत बाहेर पडलात तरी दिवस शिल्लक आहे.

दुपारनंतरचं माझं म्हणणं ऐका, कारण यादीत कोणीच हे लिहीत नाही. ओरिएंतहून ७२८ नंबरची बस घ्या. ती नदीच्या कडेने जुन्या शहराकडे येते, खिडकीत बसल्या बसल्या निम्मं लिस्बन बघून होतं. काइश दु सोद्रेला उतरा आणि समोरच्या धक्क्यावरून कासिल्याशची बोट पकडा. दहाएक मिनिटांत पलीकडे. आपल्या मुलांना बोटीत बसायची भीती नसते, पणजी-बेती करत वाढलेली असतात. ही बोट मोठी आणि बंदिस्त आहे, गाड्या चढत नाहीत आणि तिकीट लागतं. शहर बघायची सगळ्यात चांगली जागा हीच: सातही टेकड्या, चौक, किल्ला, लाल पूल, सगळं एकदम समोर. किल्ला न चढता.

आणि कासिल्याशला उतरलात की धक्क्याच्या बाजूलाच सुक्या गोदीत एक शिडाचं जहाज उभं आहे. 'दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया'. हे जहाज आपल्याकडचं आहे. दमणच्या गोदीत बांधलं, लाकूड नगर हवेलीच्या रानातलं सागवान, १८४३ मध्ये पाण्यात सोडलं. त्याची पहिली सफर गोव्याहून लिस्बनला झाली, १८४५ मध्ये. पोर्तुगीज आरमाराचं हे शेवटचं शिडाचं लढाऊ जहाज. १९६३ मध्ये आग लागून जळालं, कित्येक वर्षं नदीच्या गाळात अर्धं बुडालेलं पडलं होतं, मग १९९८ च्या प्रदर्शनासाठी पुन्हा उभं केलं. आत जाता येतं. तोफा, झुलते बिछाने, दोरखंड, स्वयंपाकाची जागा. सहा वर्षांच्या मुलीला याहून चांगलं काय दाखवणार? आतल्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, सोमवारी जरा वेगळ्या असू शकतात. शिड्या उभ्या आहेत, तेव्हा सासूबाई आणि धाकटा वरच्या डेकवरच बरे.

मी त्या जहाजाजवळून रोज कामाला जाते. दमणच्या सुतारांनी ते बांधलं हे तिथे येणाऱ्या बहुतेक लोकांना ठाऊक नसतं, आणि मला ते प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं.

बार्देशकर_७२

साखळीच्या ताईंनी सगळं नीट लिहिलंय, पण २८ नंबरच्या ट्रामबद्दल एक शब्द. ती पूर्ण गाळू नका. दिवसा तिच्यात चढणं म्हणजे मुलांना चेंगरणं, आणि पाकीटमारही त्याच गर्दीत असतात, हे खरं. पण त्याच म्हणाल्या की मुलं पहाटे चारला उठणार. मग त्याचा उपयोग करा. सकाळी लवकर मार्तिं मुनिशला, जिथून ती सुटते तिथे जा. सात-साडेसातला जागा मिळते. गाड्या १९३० च्या दशकातल्या, लाकडी बाकांच्या, आणि रूळ इतक्या अरुंद गल्ल्यांतून जातात की मोठीला खिडकीतून भिंतीला हात लावावासा वाटेल. तिचा हात आत धरून ठेवा. ढकलगाडी हॉटेलवर ठेवायची.

एश्त्रेलाला उतरा. समोर बाग आहे, १८५२ ची, आत मुलांची घसरगुंडी, झोपाळे, तळ्यात बदकं. लहानशी टपरी आहे तिथे कॉफी घेऊन आम्ही तासभर बसलो होतो. आमच्या आईने सांगितलं की तिला संबंध लिस्बनमध्ये ती बाग लक्षात राहिली.

मार्तिं मुनिशच्या आसपास आपल्याकडची किराणा दुकानं आहेत, पोहे, डाळी, मसाले सगळं मिळतं. सासूबाईंसाठी काही हवं तर तिथून घ्या.

कुर्टीचे_आजोबा

सूनबाई, जागा दाखवायचं काम वरच्या दोघांनी केलं. मी तुमच्या लेकीच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला. सहा वर्षांच्या मुलीने तो विचारला याचा आनंद वाटला.

तिला सांगा की आपण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला घालवलं. ते सरकार आपल्यावर राज्य करत होतं तसं स्वतःच्या लोकांनाही तुरुंगात टाकत होतं. लिस्बनमध्ये, सेच्या मोठ्या चर्चजवळ अल्जूब नावाचा तुरुंग होता, तिथे पोर्तुगीजच राजकीय कैदी कोंडलेले असत. आज तिथे संग्रहालय आहे. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणारे आपले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं, लिस्बनच्या उत्तरेला समुद्रावर. त्याच किल्ल्यात त्यांचे स्वतःचे विरोधकही होते.

आणि मोहन रानडे. सांगलीकडचे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळ काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, आम्ही इथे दिवे लावले, आणि ते मात्र तिथेच होते. सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. सात वर्षं उलटून गेली होती. मी तेव्हा शाळेत होतो. ते परत आले त्या बातमीने आमच्या वाड्यावरची मोठी माणसं रडताना मी पाहिली.

काशियाश हे काइश दु सोद्रेहून काश्काइशला जाणाऱ्या लोकल गाडीवरचं स्टेशन आहे. मुलांना घेऊन तिकडे जा असं मी म्हणत नाही. तुमचा एकच दिवस आहे, तो मुलांचा आहे. पण त्याच धक्क्यावरून तुम्ही बोट पकडणार आहात. तिथे उभं राहून मोठीला एवढंच सांगा की या बाजूला, नदीच्या तोंडाशी, आपला एक मास्तर कितीतरी वर्षं कोंडलेला होता. आणि ज्या लोकांच्या घरी आपण आलोय त्यांनीही १९७४ च्या २५ एप्रिलला ते सरकार उलथून टाकलं. बोटीतून जो लाल पूल दिसेल त्याचं नावच २५ एप्रिल आहे. १९६६ मध्ये बांधला तेव्हा त्याला सालाझारचं नाव दिलं होतं, ते लोकांनी काढलं. मुलांना पूल समजतो. नाव बदललेलं समजतं. तारखा मोठेपणी कळतील.

बेलेंच्या मठातली वास्को द गामाची कबर बघायला मिळणार नाही म्हणून कोणी हळहळू नये, असं माझं मत. तो मठ सुरेख आहे, पुन्हा कधी गेलात तर जरूर बघा. पण पहिल्या भेटीत तुमच्या मुलीने दमणच्या सुतारांचं जहाज आणि रानडे मास्तरांची दिशा बघावी, हे मला जास्त बरं वाटतं.

म्हार्दोळकरीण

देव बरे करो तुम्हा सगळ्यांचं. आजोबा, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंचं माहेर बेतीला. चौकीवरच्या हल्ल्याबद्दल त्यांनी घरात ऐकलेलं होतं, पण रानडे नंतर इतकी वर्षं तिकडे होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता त्यांना बोटीच्या धक्क्यावर जायचंच आहे.

ओरिएंतजवळ हॉटेल बघते. सकाळी ट्राम आणि एश्त्रेलाची बाग की थेट मत्स्यालय, ते मुलं कधी उठतात त्यावर. दोन्ही करायचं नाही, हे नवऱ्याने मान्य केलंय.

ताई, तीन गोष्टी विचारते. सासूबाईंनी सोमवारी काय खावं? धाकट्याचे लंगोट बदलायला जागा मिळते का? आणि रांगेत लहान मुलांना पुढे सोडतात असं नणंद म्हणते, ते खरं का?

साखळीची_अल्मादात

खाण्याचं आधी. पाश्तेल द नाता सगळे आग्रहाने देतील, पण त्याच्या आत अंड्याच्या बलकाचंच सारण असतं, म्हणजे सोमवारी सासूबाईंना नाही. तो मंगळवारी ट्रेनमध्ये द्या. भाजीचं सूप इथे प्रत्येक हॉटेलात असतं आणि स्वस्त असतं, पण काल्दु व्हेर्द नावाच्या सूपमध्ये शुरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती टाकतात, तेव्हा ते टाळा. ऑर्डर देताना 'सें कार्न, सें पेइश, सें ओवु' म्हणा: मांस नको, मासे नको, अंडं नको. सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. पांढरा भात, उकडलेल्या भाज्या, कोशिंबीर, पाव, चीज, फळं. एवढ्यावर दिवस निघतो. पाव चांगला असतो, सासूबाईंना आवडेल. एक लक्षात ठेवा: बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी टेबलावर आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

आणखी सोपं म्हणजे घरून मेतकूट आणि भाजलेले पोहे डब्यात घ्या. ओरिएंत स्टेशनला लागूनच मोठा मॉल आहे, आत सुपरमार्केट. दही तिथे मिळेल. दहीपोहे हॉटेलच्या खोलीतही होतात.

लंगोट बदलायला त्याच मॉलमध्ये बाळांची वेगळी खोली आहे, मत्स्यालयातही सोय आहे. जुन्या शहरात आणि बोटीच्या धक्क्यावर भरवसा धरू नका, निघताना उरकून घ्या.

रांगेचं खरं आहे, २०१६ चा कायदाच आहे. गरोदर बायका, अपंग, कडेवरचं मूल घेऊन आलेली माणसं, आणि चालायला-उभं राहायला त्रास होणारे वयस्क यांना काउंटरवर आधी घ्यावं लागतं. मूल दोन वर्षांपर्यंतचं धरतात, म्हणजे धाकट्याची सवलत थोडक्यात हुकली. पण सासूबाई पासष्टच्या वर असतील तर गुडघ्यांमुळे त्यांचा हक्क आहे. त्यांना पुढे करा आणि 'प्रिओरिदाद' एवढा शब्द बोला. आपल्याकडच्या बायका संकोचाने मागे उभ्या राहतात, मी रोज बघते. संकोच करू नका.

मेट्रो-बसचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. धाकट्याला तिकीट नाही, चार वर्षांखाली मोफत. मोठीचं कार्ड तिच्याच हातात द्या, तिला मशीनला लावायला आवडेल.

तारीख नक्की झाली की मला व्यक्तिगत निरोप टाका. मी पाचच्या सुमाराला कामावरून त्याच बोटीने परत येते. जमलं तर काइश दु सोद्रेलाच भेटते आणि जहाज मीच दाखवते. सासूबाईंना सांगा, कासिल्याशच्या धक्क्यापासून आमच्या घराकडे ट्राम येते, चढ चढावा लागत नाही. रात्रीचं शिवराक जेवण आमच्याकडे. डाळ, भात, आणि तुम्ही आणलीत तर सोलांची कढी.